माइंडफुलनेस आणि योगनिद्रा: नाईट ड्युटीवाल्यांची नेहमीची गल्लत

बेळगावात आमच्या वॉर्डात सकाळी ड्युटी बदलताना एक तक्रार हमखास कानावर येते, "अक्का, मी रोज माइंडफुलनेस लावते, पण झोप काही लागत नाही बघा." मोबाइलवर लावलेलं असतं श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्यान, आणि ते ऐकायचं अंथरुणात पडून, कधी एकदा डोळा लागतो याची वाट बघत. इथंच चुकतं.

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे, बरंवाईट न ठरवता, जाणूनबुजून लक्ष देणं. मूळ बौद्ध ध्यानपरंपरेतलं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्याचा ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम बसवला. त्यात जागं राहायचं असतं. पेंग आली तर तीही ओळखायची.

योगनिद्रा आडवं पडून करायची. शवासनात, उजव्या हाताच्या अंगठ्यापासून एकेका अवयवावरून मन फिरवत न्यायचं. आज ऐकू येतो तो साचा बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींचा. खरं तर तिच्यातही झोपायचं नसतं, पण दमलेल्या जिवाचा डोळा लागला तर बिघडत नाही.

माझ्या मते ड्युटीवर खरी उपयोगी पडते ती पहिली. पहाटे तीनला सात नंबरचे आजोबा गेले. नातेवाइकांना मराठीत समजावलं, फॉर्म कन्नडात भरले, तोवर नऊ नंबरचं सलाईन संपत आलं. मध्ये मिळतं ते फक्त हात धुणं. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. तेवढा वेळ पाण्याचा गारवा, बोटांच्या बेचक्यांतला फेस, नखांखालची जागा, एवढंच बघायचं. आजोबा आठवतात, आठवू द्यायचे. लक्ष परत हातांवर आणायचं. दुःख जात नाही, पण पुढच्या पेशंटच्या शिरेत सुई घालताना हात थरथरत नाही.

असा सराव महिनोन्‌महिने केला की ताण हलका होतो आणि झोपही सुधारते, कारण अंथरुणात तेच तेच घोळणं कमी होतं. पण ती गोळी नव्हे, आज घेतली आणि आज लागू पडली असं होत नाही. घरी पोचल्यावर पडायचं असेल तेव्हा योगनिद्रा लावा.

खानापूरच्या बसमध्ये सकाळचं ऊन तोंडावर घेऊ नका, काळा चष्मा लावा. उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं संप्रेरक, दबतं आणि शरीराला दिवस उगवल्यासारखं वाटतं. खिडकीला जाड पडदा हवाच. आठवड्यातून तीन-तीन दिवस झोप उडते आणि तीन महिने असंच चाललंय, तर डॉक्टरांना गाठा. निद्रानाशावरची वर्तन-उपचारपद्धती वेगळी असते आणि ती झोपेच्या गोळ्यांच्या आधी द्यावी लागते.

आणि सलग सात नाईट लागल्या असतील, तर मोबाइल बाजूला ठेवून आधी ड्युटीचा तक्ता इन्चार्ज सिस्टरांपुढे ठेवा.