हार्डनेस आणि अल्कलिनिटी: बीअरच्या पाण्याचे दोन वेगळे आकडे

घरी बीअर करणारा माणूस पाण्याचा रिपोर्ट हातात आला की आधी हार्डनेस बघतो. आकडा मोठा दिसला की "पाणी जड आहे, बीअर बिघडणार" असं ठरवून मोकळा होतो. खालच्याच ओळीत अल्कलिनिटी लिहिलेली असते, तिच्याकडे लक्ष जात नाही. दोन्ही आकडे "कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात" मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये दिलेले असतात, त्यामुळे एकाच गोष्टीची ही दोन नावं असावीत असं वाटतं. पण बीअरमध्ये दोघांची कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

हार्डनेस म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवून टाकण्याची पाण्याची ताकद, आणि ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. चुनखडीतून झिरपलेल्या पाण्यात दोन्ही एकत्र येतात, म्हणून त्यांची गल्लत होते. जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) खडकातून आलेल्या पाण्यात मात्र कॅल्शियम भरपूर असूनही बायकार्बोनेट बेताचंच असू शकतं.

याचा परिणाम दिसतो मॅशमध्ये. दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात मिसळल्यावर होणाऱ्या लगद्याचा, म्हणजे मॅशचा, पीएच (आम्लपणाचा आकडा; जितका लहान तितकं आम्ल जास्त) साधारण 5.2 ते 5.6 असावा, गार केलेल्या नमुन्यात मोजलेला. कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळतं आणि त्या क्रियेत आम्ल मोकळं होतं, म्हणजे पीएच खाली येतो. मॅग्नेशियमही हेच करतं, पण निम्म्या जोराने. बायकार्बोनेट ते आम्ल खाऊन टाकतं आणि पीएच वर ढकलतं. पाउल कोल्बाख या जर्मन शास्त्रज्ञाने 1953 साली हा जमाखर्च एका सूत्रात बसवला: अल्कलिनिटीतून कॅल्शियम भागिले 1.4 आणि मॅग्नेशियम भागिले 1.7 वजा करायचं. (कॅल्शियम, मॅग्नेशियम इथे साध्या मिलिग्रॅममध्ये घ्यायचं, कार्बोनेटच्या हिशेबात नाही.) जे उरतं ती शेष अल्कलिनिटी. मला विचाराल तर रिपोर्टवरून काढण्यासारखा सगळ्यात कामाचा आकडा हाच.

दोन पाणी समोरासमोर ठेवू. दोन्हीत लिटरमागे कॅल्शियम 80 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम 24, म्हणजे हार्डनेस दोन्हीकडे सुमारे 300. पहिल्याची अल्कलिनिटी 60, दुसऱ्याची 280. वजाबाकीचा आकडा दोन्हीकडे 71. पहिल्याची शेष अल्कलिनिटी उणे 11 आणि दुसऱ्याची 209. हार्डनेस तोच, पण पहिल्या पाण्यात फिकी बीअर थोड्याशा आम्लाने छान जमते. दुसऱ्यात नुसतं फिकं माल्ट घातलं तर पीएच 6 च्या आसपास जातो, आणि बीअर बोथट लागते, हॉप्सचा (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा जिभेवर खरखरतो.

जुन्या बीअरगावांकडेही असंच बघावं. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटचं पाणी जिप्समने अतिशय जड, तरी फिक्या, कडक हॉप्सच्या एल प्रकारच्या बीअरसाठी नावाजलेलं. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त, म्हणून तिथे भाजलेल्या काळ्या धान्याची बीअर शोभली, कारण भाजलेलं धान्य स्वतःच आम्ल घेऊन येतं. चेक प्रदेशातल्या पिल्झेनमध्ये दोन्ही आकडे अगदी लहान. 1842 साली तिथे फिकी लागर (थंडाव्यात मुरवलेली बीअर) जन्मली त्यात या पाण्याचा वाटा मोठा.

आता उपाय. कुठला उपाय कुठल्या आकड्यावर चालतो ते इथे नीट बघायला हवं. घरगुती वॉटर सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. बायकार्बोनेटला तो हातही लावत नाही. म्हणजे पीएच खाली आणणारा मदतनीस गेला आणि वर ढकलणारा तसाच राहिला. बीअरसाठी हे पाणी आधीपेक्षा वाईट. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

उकळल्याने दोन्ही आकडे उतरतात. तळाशी पांढरा साका बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. गार झाल्यावर वरचं नितळ पाणी हलक्या हाताने काढून घ्यायचं. पण यात कॅल्शियमही जातं आणि गॅसही बराच जळतो. आरओचं पाणी दोन्ही आकडे जवळजवळ शून्यावर आणतं. जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड हार्डनेस वाढवतात: 10 लिटरला 1 ग्रॅम जिप्सम टाकलं तर कॅल्शियम सुमारे 23 मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढतं, कॅल्शियम क्लोराइडने सुमारे 27 ने. जिप्समचं सल्फेट हॉप्सला धार देतं, क्लोराइड माल्टला भरीवपणा.

लॅक्टिक आम्ल फक्त अल्कलिनिटी मारतं. 88 टक्क्यांचं 1 मिली आम्ल 10 लिटर पाण्यातली सुमारे 55 ते 60 अल्कलिनिटी खातं. वरच्या दुसऱ्या पाण्याला नुसत्या आम्लाने वठणीवर आणायचं तर 10 लिटरला 4 मिली लागेल, आणि तेवढ्यात त्याची आंबट चव लागू शकते. त्यापेक्षा निम्मं आरओचं पाणी मिसळा. अल्कलिनिटी 140 वर येईल. मग 10 लिटरला 2 मिली आम्ल आणि 1 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, की फिक्या बीअरला पाणी तयार. कॅल्शियम निदान 50 राहावं, यीस्ट नीट खाली बसायला त्याची मदत होते.

क्लोरीनचा प्रश्न वेगळा. या दोन्ही आकड्यांत तो दिसत नाही, पण औषधासारखी चव त्याच्यामुळेच येते. कॅम्पडेन टॅब्लेटने (सल्फाइटच्या गोळीने) क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही जातात.

रिपोर्ट मिळत नसेल तर माशांच्या टाकीसाठी मिळणारे थेंबांचे दोन किट घ्या. जीएच म्हणजे हार्डनेस, केएच म्हणजे अल्कलिनिटी. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे आणि येणाऱ्या अंशांना 17.8 ने गुणायचं. पैसे एकाच किटपुरते असतील तर केएचचा घ्या. मॅशमधला उरलेला गोडवा काढायला माल्ट धुतात, त्या पाण्याला तर तोच आकडा लागतो: गोडवा उतरत जातो तसं आम्लही संपत येतं, आणि अल्कलिनिटी जास्त असली की शेवटच्या धारेत सालांचा तुरटपणा उतरतो. म्हणून ते पाणीही आधीच आम्ल घालून 6 पीएचच्या खाली आणून ठेवावं.