लॉगमध्ये लिहिलेली एक ओळ अख्खा सर्व्हर कशी घेऊन गेली

जावाच्या सिक्युरिटीबद्दल कोणी विचारलं की मी आधी डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉगफोरशेल नावाच्या सुरक्षेतल्या त्रुटीबद्दल सांगतो, कारण नेमकं काय चुकतं ते त्यात स्वच्छ दिसतं. लॉगफोरजे ही अपाचेची लायब्ररी, काम अगदी साधं, प्रोग्रॅममध्ये काय घडतंय त्याची नोंद ठेवायची. पण २०१३ मध्ये तिच्यात एक सोय आली, की मजकुरात डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस दिसला की आतलं नुसतं छापायचं नाही, त्याचा अर्थ लावायचा, आणि आत जेएनडीआय, म्हणजे नावावरून बाहेरची माहिती शोधून आणायची जावाची सोय, असेल तर दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथून माहिती आणायची.

आता बघा, सर्व्हर लॉगमध्ये काय काय लिहितो? युजरनेम, सर्च बॉक्समधले शब्द, ब्राउझरचं नाव, म्हणजे सगळं बाहेरच्या माणसाने पाठवलेलं. त्याने तिथे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता त्या कंसात घालून पाठवला की तुमचा सर्व्हर निमूटपणे तिकडे जाणार, तिथून जावा क्लास, म्हणजे तयार कोडचा तुकडा, उतरवून घेणार आणि चालवणार. माइनक्राफ्टमध्ये तर चॅटमध्ये ती ओळ टाईप केली तरी पुरत होतं! धोक्याचा स्कोअर १० पैकी १० दिला गेला. नव्या जावात बाहेरचा क्लास उतरवणं बंद होतं तरी सुटका नव्हती, कारण त्याच कंसात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सर्व्हरवर साठवलेल्या सेटिंग्जचं नाव, घालून क्लाउडच्या गुप्त की बाहेर पाठवता येत होत्या.

एसक्यूएल इंजेक्शनमध्येही हेच होतं, युजरने दिलेलं नाव प्लस लावून क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, जोडलं की त्यातला एक सिंगल कोट क्वेरीचा अर्थच बदलतो. म्हणून प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात क्वेरीचा सांगाडा आधी ठरतो आणि नाव नंतर फक्त व्हॅल्यू म्हणून जातं, मग त्यात काहीही असो. टेबलचं किंवा कॉलमचं नाव मात्र असं देता येत नाही, ते ठरलेल्या यादीतूनच घ्यायचं. डीसिरियलायझेशन, म्हणजे बाइट्सपासून पुन्हा ऑब्जेक्ट बनवणं, त्याहून वाईट, बाहेरून आलेल्या बाइट्सवर रीडऑब्जेक्ट चालवलं की तुम्ही टाईप तपासायच्या आधीच त्या ऑब्जेक्टचा कोड चाललेला असतो. शक्यतो जेसन, म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहायची पद्धत, वापरा, अगदीच इलाज नसेल तर जावा ९ पासून फिल्टर आहे, त्यात हवे तेवढेच क्लास चालू द्या.

आणि लॉगफोरजेचा पहिला उपाय अपुरा निघाला हे फार कमी लोकांना आठवतं, आवृत्ती २.१५ नंतर २.१६, मग २.१७ आणि महिना संपायच्या आत २.१७.१! शिवाय ती लायब्ररी तुम्ही स्वतः घेतलेली नसते, दुसऱ्या कुठल्या तरी लायब्ररीसोबत ती आत येते, कधी जारच्या, म्हणजे जावा कोडच्या गठ्ठा-फाइलच्या, आत आणखी एक जार असते. तेव्हा लायब्रऱ्या जोडणाऱ्या मेव्हन या साधनाची डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कोणासोबत आली त्याची यादी, एकदा तरी पूर्ण वाचाच, आणि सर्व्हरला बाहेर कुठेही जायची मोकळीक देऊ नका, ज्या पत्त्यांची गरज आहे तेवढेच फायरवॉलमध्ये उघडे ठेवा.