रंग जुळवलेला फोटो आणि रंगवलेला ग्रह

आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर मागच्या आठवड्यात एक फोटो फिरत होता. येऊरच्या डोंगरावर गुरू ग्रहाची भलीमोठी कोर, मागे आकाशगंगेचा पट्टा आणि खाली ‘काल रात्री ठाण्यातून टिपलेला गुरू’ अशी ओळ. तासाभरात त्याला ढीगभर नमस्कार मिळाले. त्यानंतर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले की असले फोटो खोटेच असतात आणि नासाचे फोटोही शेवटी संगणकावरच बनतात. मूळ फोटोपेक्षा या दुसऱ्या विधानाने मी अधिक अस्वस्थ झालो, कारण त्यात अर्धे सत्य आहे.

येऊरवरचा गुरू निकालात काढायला शाळेतली भूमिती पुरते. कोर दिसायची तर ग्रहाची अंधारी बाजू बरीचशी आपल्याकडे वळलेली हवी, आणि त्यासाठी तो ग्रह आपल्या व सूर्याच्या मधल्या भागात यावा लागतो. बुध आणि शुक्र तसे येतात. गुरू मात्र सूर्यापासून आपल्या पाचपटीहून अधिक अंतरावर आहे. तिथून पाहिले तर पृथ्वी सूर्यापासून १२ अंशांपलीकडे कधीच सरकत नाही. त्यामुळे आपल्याला गुरूची तबकडी बारा महिने किमान सुमारे ९९ टक्के उजळलेलीच दिसते. गुरूच्या कोरीचे खरे फोटो आहेत, पण ते यानांनी गुरूच्या जवळ किंवा पलीकडे जाऊन घेतलेले आहेत. आकाशगंगेचा पट्टाही असाच पकडला जातो: उन्हाने उजळलेल्या ग्रहासाठी सेकंदाचा लहानसा अंश पुरतो, तर आकाशगंगेसाठी कॅमेरा कित्येक सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात ग्रहाचा नुसता पांढराफटक गोळा होतो.

आता त्या अर्ध्या सत्याकडे वळू. आपल्या मोबाइलच्या संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या सूक्ष्म गाळण्यांची जाळी कायमची बसवलेली असते. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. मंगळयानाचा रंगीत कॅमेरा याच पद्धतीचा होता. परंतु दूरच्या ग्रहांकडे गेलेल्या बहुतेक यानांच्या कॅमेऱ्यांना रंग समजतच नाही, ते केवळ किती प्रकाश पडला हे मोजतात. त्यांच्यासमोर रंगीत काचा बसवलेली चकती फिरते, आणि लाल, हिरव्या व निळ्या काचेतून एकापाठोपाठ घेतलेले तीन कृष्णधवल फोटो पृथ्वीवर आल्यानंतर संगणकात एकमेकांवर बसवले जातात. म्हणजे संगणक इथे फोटो रचत नाही, जुळवतो. हा फरक पटावा म्हणून मी एक प्रयोग केला.

गणपतीच्या सजावटीतून उरलेले लाल, हिरवे आणि निळे जिलेटिन कागद घेऊन मी तलावपाळीला गेलो, मोबाइल तिवईवर घट्ट बसवला आणि दहा-दहा सेकंदांनी प्रत्येक कागदातून एक असे तीन फोटो घेतले. घरी येऊन ते कृष्णधवल केले आणि ज्याचा रंग त्याला परत देऊन एकावर एक ठेवले. निळा कागद प्रकाश फार अडवत असल्याने पहिल्या खेपेस सगळा फोटो शहरभर कावीळ पसरल्यासारखा पिवळा दिसला. निळ्याचे प्रमाण वाढवल्यावर समोरचा काठ, झाडे आणि इमारती ओळखीच्या रंगात आल्या. हे प्रमाण मी नजरेने ठरवले, तर मंगळावरच्या बग्ग्या त्यासाठी ज्ञात रंगांची पट्टी सोबत नेतात आणि तिचा फोटो घेऊन हिशेब करतात. गंमत मात्र पाण्यात होती. पायडल मारत चाललेल्या एकाच होडीच्या लाल, हिरवी आणि निळी अशा तीन होड्या झाल्या होत्या आणि लाटांवर रंगीत शिंतोडे उडाले होते.

हाच दोष १५ लाख किलोमीटरवरूनही दिसला आहे. डिस्कव्हर या उपग्रहावरच्या एपिक कॅमेऱ्याने १६ जुलै २०१५ रोजी पृथ्वीसमोरून सरकणारा चंद्र टिपला, तेव्हा अनेकांनी तो चिकटवलेला आहे असे ठरवले, कारण उजळ पृथ्वीपुढे चंद्र मळकट दिसत होता. वास्तविक चंद्राचा पृष्ठभाग जुन्या डांबरी रस्त्याइतपतच प्रकाश परावर्तित करतो. त्या फोटोत चंद्राच्या उजव्या कडेला हिरवी किनार आहे आणि डाव्या कडेला लाल-निळी छटा आहे. सुमारे ३० सेकंदांच्या अंतराने आधी लाल आणि शेवटी हिरवा फोटो घेतला गेला, तेवढ्यात चंद्र पुढे सरकला. खोटे चित्र काढणारा असली किनार पुसून टाकेल.

गुरूकडे गेलेल्या जूनो यानाचा कॅमेरा आणखी पुढचा आहे. यान स्वतःभोवती मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या घेते आणि कॅमेऱ्याच्या संवेदकावर चार गाळण्यांच्या पट्ट्या आहेत, म्हणून मूळ फोटो म्हणजे राखाडी पट्ट्यांची उतरंड असते. चौथी गाळणी ८८९ नॅनोमीटरच्या प्रकाशाची आहे. हा प्रकाश मिथेन शोषून घेतो, त्यामुळे ज्यांच्यावर मिथेनचा जाड थर आहे ते खोलवरचे ढग काळे पडतात आणि उंचावरचे धुके उजळ राहते. त्या चित्रातला उजळपणा म्हणजे रंग नसून एका अर्थी उंची असते. नासा हे मूळ फोटो सर्वांसाठी खुले ठेवते आणि हौशी मंडळी त्यांतून गुरूची चित्रे जुळवतात. त्यांतली भडक निळी-केशरी वादळे खरी आहेत. भडकपणा बारकावे दिसावेत म्हणून वाढवलेला आहे.

अशा वाढवलेल्या रंगाने जाणकारांव्यतिरिक्त सगळ्यांना ३० वर्षांहून अधिक काळ फसवले आहे. व्हॉयेजर २ ने ऑगस्ट १९८९ मध्ये टिपलेला गडद निळा नेपच्यून आपल्या डोळ्यांसमोर आहे. तो रंग गडद केल्याचे तेव्हाच सांगितले होते, पण ती टीप मागे राहिली. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी हबल आणि व्हीएलटी या दुर्बिणींच्या मोजमापांवरून दाखवले की नेपच्यून जवळजवळ युरेनससारखाच फिकट हिरवट निळा आहे.

शनीचे कॅसिनी यानाने पाठवलेले मूळ फोटो पाहिले तर त्यांवर वैश्विक किरणांच्या आघातांचे पांढरे ठिपके सापडतात, आणि हेही खरेपणाचेच लक्षण आहे. शनीचा फोटो अशुभ म्हणून भिंतीवर लावू न देणारी घरे आमच्याच परिसरात आहेत. कॅसिनी २००४ पासून १३ वर्षे त्याच्याभोवती फिरले आणि अखेर संपले ते इंधन संपत आल्यामुळे, साडेसातीमुळे नव्हे.

निव्वळ कल्पनाचित्रांचा प्रांत याहून निराळा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांची घोषणा झाली, तेव्हा समुद्र आणि बर्फ असलेले सात सुंदर गोळे सगळीकडे छापले गेले. प्रत्यक्षात हे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याचा प्रकाश किंचित घटतो एवढेच मोजले गेले होते. ‘कलावंताची कल्पना’ असे मूळ चित्राखाली लिहिलेले होते; वाहिन्यांनी ते कापले आणि आपल्या गटांपर्यंत गोळेच पोहोचले.

होडीचा फोटो मी त्या ज्येष्ठ सदस्यांना पाठवला. यातली खरी होडी कोणती, असे त्यांनी विचारले. तिन्ही खऱ्या, फक्त दहा-दहा सेकंदांच्या अंतराने, असे मी कळवले.