शांत पाणी आणि आडोशाचं पाणी: कयाकिंगची जागा शोधताना होणारी गल्लत

कयाक, म्हणजे एक-दोन माणसांनी वल्हवायची छोटी होडी, घेऊन कुठे जावं, असं विचारलं की बहुतेक वेळा एकाच प्रकारचं उत्तर येतं: "तिकडे जा, पाणी अगदी शांत असतं." सांगणारा खोटं बोलत नसतो. तो गेला त्या सकाळी पाणी खरंच आरशासारखं असेल. पण हौसेने वल्हवणाऱ्या, त्यातही नवख्या माणसाला शांत पाण्यापेक्षा आडोशाचं पाणी हवं असतं. सकाळी सात वाजता ही दोन्ही पाणी हुबेहूब सारखी दिसतात. फरक कळतो तो दुपारी, आणि तोवर आपण काठापासून बरेच आत गेलेलो असतो.

शांतपणा हा त्या वेळेचा गुण आहे, आडोसा हा जागेचा. वारा पडला की भर समुद्रही तासभर शांत असतो. आडोशाच्या पाण्यावर मात्र वारा सुटला तरी लाट मोठी होऊ शकत नाही, कारण तिला वाढायला जागाच नसते. जागा शोधताना बहुतेकांचं चुकतं ते इथेच: एका चांगल्या सकाळच्या फोटोवरून ते जागेचा स्वभाव ठरवतात.

वाऱ्याने उठणारी लाट किती वाढेल हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहतोय आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळतंय. पहिल्या दोन गोष्टी रोज बदलतात. तिसरी मात्र घरबसल्या नकाशावर मोजता येते आणि मला तीच सगळ्यात उपयोगी वाटते. ताशी 20 किलोमीटरचा वारा धरा. अर्धा किलोमीटर मोकळ्या पाण्यावर तो साधारण सहा-सात सेंटीमीटरची लाट उठवतो, तर दहा किलोमीटरवर सुमारे 30 सेंटीमीटरची. अंतर वीसपट झालं तर लाट वीसपट होत नाही, साडेचारपट होते. अंतराच्या वर्गमूळाच्या हिशोबाने ती वाढते. तीस सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही, असं काठावर उभं राहून वाटतं. हौशी कयाक साधारण तीन ते साडेतीन मीटर लांब, सत्तर-ऐंशी सेंटीमीटर रुंद आणि बसायच्या जागी चांगलीच उघडी असते. ती रुंद असल्यामुळेच सपाट पाण्यावर भरवशाची वाटते. पण आत बसायच्या अनेक स्वस्त कयाकमध्ये पाणी अडवणारे आडवे पडदे नसतात. बाजूने दोन-चार लाटा आत आल्या की ती जड होते, जड झाली की खाली बसते आणि मग पुढच्या लाटांना आत यायला आणखी सोपं जातं.

लाटेआधी दमवतो तो वारा. अशा कयाकचा टिकून राहणारा वेग ताशी चार-पाच किलोमीटर धरावा. समोरून जोराचा वारा आला की तो निम्म्यावर येतो आणि येताना अर्ध्या तासात कापलेलं अंतर परतताना तासभर संपत नाही. पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागणं ही यातली सोपी खूण. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्युफर्ट मोजपट्टीत तिसऱ्या पायरीला, म्हणजे ताशी 12 ते 19 किलोमीटरच्या वाऱ्याला, ते तुरळक दिसतात; चौथ्या पायरीला, 20 ते 28 च्या दरम्यान, ते वारंवार दिसतात. नवख्याने तिसऱ्या पायरीलाच तोंड काठाकडे वळवावं.

उथळ पाणी सुरक्षित, हा समजही याच गल्लतीतला. पाय टेकेल इतकं उथळ असेल तर ठीक, पण मोठं आणि उथळ तळं वाऱ्यात पटकन उसळतं, आणि त्याच्या लाटा आखूड, उभ्या, एकापाठोपाठ एक येतात. हंगेरीतला बालाटन तलाव सुमारे 77 किलोमीटर लांब आहे आणि त्याची सरासरी खोली तीन मीटरच्या थोडी वर. उन्हाळ्यात तिथे वादळाचा इशारा द्यायला काठाकाठाने दिवे लावलेले असतात: मिनिटाला 45 वेळा लुकलुकले तर पहिला इशारा, 90 वेळा लुकलुकले तर दुसरा, म्हणजे पाण्याबाहेर या. तीन मीटर पाण्यासाठी एवढा बंदोबस्त उगाच केलेला नाही.

सगळ्यात फसवी जागा ती, जिथे शांतपणा आणि आडोसा दोन्ही अर्धे अर्धे असतात. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तेव्हा काठाजवळचा पट्टा टेकडीच्या किंवा झाडांच्या आड येतो. तिथे पाणी सपाट, ऊन छान, आणि कयाक पाठीत हात घातल्यासारखी पुढे सरकते. काही शे मीटर पुढे आडोसा संपतो, वारा खाली पाण्यापर्यंत पोचतो आणि प्रत्येक मीटरला लाट वाढत जाते. परत फिरावं तर सगळा वारा तोंडावर. 22 मार्च 1993 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे कयाकमधून निघालेला शाळकरी मुलांचा गट अशाच वाऱ्याने खोल समुद्राकडे ओढला गेला आणि चार किशोरवयीन मुलं दगावली. त्यानंतर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये मुलांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला.

म्हणून जागा पारखताना एक प्रश्न विचारावा: इथे मी वल्हवणं थांबवलं, तर वारा मला कुठे नेऊन सोडेल? उत्तर "शंभर-दीडशे मीटरवरच्या पलीकडच्या काठावर, जिथे उतरता येतं" असं असेल तर तो आडोसा. उत्तर "तळ्याच्या मधोमध" किंवा "खाडीच्या तोंडातून बाहेर" असं असेल, तर आरशासारख्या पाण्याला भुलू नये. पाणी थंड असेल तिथे या प्रश्नाचं वजन आणखी वाढतं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी रूढ केलेला हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: अतिथंड पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती 10 मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे 1 तास. त्या दहा मिनिटांत, अंगावर कपडे आणि लाइफ जॅकेट असताना, माणूस शे-दोनशे मीटरपेक्षा फार लांब पोहत नाही.

काठ बघून जागा कशी ओळखायची

पाहणीला गेलात त्या दिवशी वारा नसेल तरी काठ खरं सांगतो, आणि मला यातच सगळ्यात मजा वाटते. पानं पसरून तरंगणारी कमळं, दाट लव्हाळी, काठाला बारीक मऊ गाळ: इथे लाट सहसा येत नाही. आली असती तर गाळ धुऊन गेला असता आणि कमळाची पानं फाटली असती. याच्या उलट, समोरच्या काठावर गोटे किंवा स्वच्छ वाळू, पाण्याने खाऊन उभा कापलेला मातीचा कडा, उघडी पडलेली मुळं आणि ओंडके-बाटल्यांचा कचरा एका रेषेत वर फेकलेला, असं दिसलं की समजावं, वारा रोज इकडेच येऊन आपटतो. काठावरची झाडं सगळी एकाच बाजूला झुकलेली असतील तर वारा कुठून येतो हेही समजलं. एकाच तळ्याचे दोन काठ असे दोन वेगळ्या स्वभावांचे निघतात. आपली जागा लव्हाळ्यांच्या बाजूची.

माणसांच्याही खुणा असतात. मासेमारीच्या होड्या रात्री जिथे बांधून ठेवतात ती जागा बहुधा आडोशाची. विंडसर्फिंग शिकवणारे जिथे जमतात ती जागा मात्र तुमची नव्हे. ते वाऱ्याच्याच शोधात आलेले असतात. इटलीतल्या गार्डा तलावावर पहाटे उत्तरेकडून पेलेर आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा हे वारे चांगल्या हवेत इतके नेमाने वाहतात, की शिडाच्या होड्या त्यावर वेळापत्रक लावतात. तिथे दोन्ही वाऱ्यांच्या मधल्या निवांत वेळात कोणी पाणी पाहिलं, तर त्या तलावाचं त्याला काहीच कळलं नाही. दोन डोंगरांच्या मधले लांबट, अरुंद तलाव असेच फसवतात. अरुंद आहे म्हणजे आडोसा असणार, असं वाटतं. पण वारा त्याच लांबीने वाहिला तर ते नुसतं नळकांडं होतं.

स्थानिक माणसाला "इथे पाणी शांत असतं का?" असं विचारू नये, हो असंच उत्तर मिळेल. "वारा सुटला की होड्या कुठे नेता?" असं विचारावं. त्यातून जागेचं नाव मिळतं. आणि जमलं तर जागा पहिल्यांदा बघायला सुट्टीच्या सकाळी न जाता वाऱ्याच्या दुपारी जावं, कयाक न घेता. त्या वेळी जिथे पाणी नुसतं शहारतंय तिथे नंतर बिनधास्त जाता येतं.

आडोसा असूनही नको त्या जागा

वाऱ्यापासून आडोसा म्हणजे प्रवाहापासून आडोसा नव्हे. नदीवरच्या बुटक्या बंधाऱ्याच्या वरचं पाणी हे याचं सर्वांत वाईट उदाहरण: दोन्ही बाजूंना झाडी, पाणी तुंबल्यामुळे संथ, एकही लाट नाही. वरून येणाऱ्याला पुढे फक्त एक सरळ रेघ दिसते, पाणी तिथे संपल्यासारखी. रेघेच्या खाली पडणारं पाणी उलटं फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढत राहतं. त्यात सापडलेल्याला, आणि कित्येकदा त्याला काढायला गेलेल्यालाही, बाहेर पडता येत नाही. नकाशावर नदीत आडवी रेघ दिसली तर तिच्या बऱ्याच आधी उतरायची जागा हेरून ठेवावी; ती नसेल तर तो पट्टाच सोडून द्यावा. वीजनिर्मितीच्या धरणाखालची नदीही तशीच. सकाळी घोट्याएवढी असते आणि पाणी सोडलं की तासाभरात वेगळीच नदी होते.

खाडीचं म्हणाल तर खारफुटीतल्या गल्ल्यांइतका छान आडोसा दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण तिथे घड्याळ वाऱ्याऐवजी ओहोटीचं चालतं. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही: एकूण उतारापैकी पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी निघून जातं. त्या वेळी अरुंद गल्लीत उलटं वल्हवणं जवळपास अशक्य होतं आणि उशीर केला तर कयाक चिखलात बसते. असा चिखल मांडीपर्यंत खेचतो, त्यामुळे उतरून चालत यायचीही सोय नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हे सगळं जास्त जोरात होतं; भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, सौम्य. भरती चढत असताना आत शिरावं आणि पाणी थांबलं की लगेच मागे फिरावं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ: आडोशाच्या तुंबलेल्या पाण्यात उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ साचतं, मोठ्या पावसानंतर घाण वाहून येते, मोटारबोटींनाही तीच जागा आवडते. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात परवानगी लागते किंवा मिळतच नाही, ते आधी विचारून घ्यावं.

आणि जवळपास आडोशाची जागा नसेलच तर? मोठं उघडं तळं पहाटे वापरता येतं, फक्त ते तासांच्या हिशोबाने वापरायचं, जागेच्या भरवशावर नाही. ऊन तापलं की जमीन पाण्याआधी तापते आणि पाण्यावरून जमिनीकडे वारा सुरू होतो. बहुतेक ठिकाणी सकाळ सरता सरता तो जाणवू लागतो. त्याआधी दोन तास हाताशी ठेवून निघावं, काठापासून पोहून येता येईल इतक्याच अंतरावर राहावं आणि पहिल्यांदा वाऱ्याच्या तोंडावर वल्हवावं, म्हणजे दमल्यावर तोच वारा परत आणतो. वाऱ्याचा अंदाज पाहताना सरासरी वेगाच्या शेजारचा झोताचा आकडाही बघावा. सरासरी ताशी 12 किलोमीटर आणि झोत 30 असेल, तर त्या दिवशी कयाक गाडीवरून उतरवू नये.