'आयसीटी' आणि 'एसीएफ नॅशनल्स': अमेरिकेतील क्विझ बोलची दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे

अमेरिकेतील एखादे विद्यापीठ 'क्विझ बोलचे राष्ट्रीय विजेते' ठरल्याची बातमी वाचली, तर पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा की, नेमक्या कोणत्या स्पर्धेचे? क्विझ बोल म्हणजे दोन संघांनी बझर दाबून उत्तरे देत खेळायची प्रश्नमंजुषा. महाविद्यालयीन क्विझ बोलमध्ये दरवर्षी दोन तुल्यबळ राष्ट्रीय स्पर्धा होतात. एक म्हणजे एनएक्यूटी (नॅशनल अकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स) या कंपनीची 'इंटरकॉलेजिएट चॅम्पियनशिप टूर्नामेंट', म्हणजेच आयसीटी, आणि दुसरी एसीएफ (अकॅडेमिक कॉम्पिटिशन फेडरेशन) या ना-नफा संस्थेची 'एसीएफ नॅशनल्स'. दोन्हींत संघ चौघांचा असतो, दोन्हींत बझर असतो, आणि पुष्कळदा खेळाडूही तेच असतात. त्यामुळे दूरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात मात्र त्यांची कसोटी वेगवेगळ्या गुणांची असते.

दोघींचे मूळ एकच आहे. 1953 साली अमेरिकेत रेडिओवर सुरू झालेला 'कॉलेज बोल' हा कार्यक्रम पुढे दूरचित्रवाणीवर गेला आणि त्याच्याच धर्तीवर 1962 साली ब्रिटनमध्ये 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' सुरू झाला. (याच कार्यक्रमाच्या भारतीय आवृत्तीत 2003-04 च्या पर्वाचे विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळवले होते.) कॉलेज बोलचे प्रश्न आखूड आणि वरवरचे असतात, ही तक्रार अमेरिकेतील विद्यार्थ्यांमध्ये वाढत गेली. या असमाधानातून 1991 साली एसीएफ उभी राहिली, 1996 साली एनएक्यूटीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी पहिली आयसीटी भरली.

खेळाचा सांगाडा दोन्हीकडे सारखाच आहे. आधी 'टॉसअप' नावाचा प्रश्न दोन्ही संघांसाठी वाचला जातो. त्यावर आपसांत सल्लामसलत करता येत नाही, आणि वाचन चालू असतानाच बझर दाबून उत्तर देता येते. बरोबर उत्तर देणाऱ्या संघाला तीन भागांचा 'बोनस' मिळतो, ज्यावर चौघे मिळून विचार करू शकतात. टॉसअपची रचना उतरत्या काठिण्याची असते, म्हणजे आधी जाणकारालाच ओळखता येईल असा दुवा आणि शेवटी सर्वांना ठाऊक असलेला. आपल्या परिचयाचा विषय घेतला, तर असा प्रश्न पुढीलप्रमाणे लिहिता येईल: 'या लढाईच्या काही आठवडे आधी एका पक्षाच्या रसदीची व्यवस्था पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. तीत इब्राहिमखान गारदी याने तोफखाना सांभाळला आणि विश्वासराव धारातीर्थी पडले. 10 गुणांसाठी सांगा, 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात झालेली लढाई कोणती?'

ज्याने पानिपतच्या मोहिमेचा तपशील वाचला आहे, तो बुंदेल्यांच्या नावाशीच बझर दाबेल. ज्याचा अभ्यास अर्धवट आहे, तो गारदीचे नाव ऐकताच घाईने 'उदगीर' म्हणेल, कारण गारदी तिथेही मराठ्यांकडून लढला होता. पण मग त्याच्या संघाचे 5 गुण कापले जातील, त्या प्रश्नावर त्या संघाला पुन्हा संधी मिळणार नाही आणि उरलेला प्रश्न प्रतिस्पर्ध्यांना निवांत ऐकायला मिळेल. या दंडाला खेळाडू 'नेग' म्हणतात.

दोन स्पर्धांची फारकत होते ती येथून पुढे. आयसीटीमध्ये टॉसअपमध्ये एक खूण आखलेली असते आणि त्या खुणेच्या आत बरोबर उत्तर दिल्यास 10 ऐवजी 15 गुण मिळतात. याला 'पॉवर' म्हणतात. म्हणजे बुंदेल्यांवर दिलेले उत्तर विश्वासरावांवर दिलेल्या उत्तरापेक्षा अधिक मोलाचे ठरते. एसीएफच्या पारंपरिक नियमांत ही सोय नाही. तिथे लवकर दिलेल्या उत्तराचा फायदा एवढाच, की प्रश्न प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात नाही.

याहूनही मोठा फरक घड्याळाचा आहे. आयसीटीचा सामना दोन अर्धांत आणि वेळ लावून खेळला जातो, त्यामुळे किती प्रश्न वाचून होतील हे वाचणाऱ्याच्या आणि खेळणाऱ्यांच्या वेगावर अवलंबून असते. पिछाडीवर असलेला कर्णधार बोनसवर रेंगाळत नाही. उत्तर येत नसेल, तर क्षणात 'पास' म्हणून पुढचा टॉसअप गाठतो, कारण सामन्यात परत येण्याची संधी त्यातच असते. एसीएफ नॅशनल्समध्ये घड्याळ नसते. प्रत्येक सामन्यात 20 टॉसअप वाचले जातात आणि ते आयसीटीच्या टॉसअपपेक्षा बरेच लांब असतात. आयसीटीत अक्षरसंख्येची काटेकोर मर्यादा पाळावी लागते, तर एसीएफच्या संपादकाला एका कवितेतील प्रतिमेवर किंवा एखाद्या रासायनिक अभिक्रियेच्या टप्प्यांवर सविस्तर दुवे देण्याइतकी मोकळीक असते.

विषयांची वाटणीही तशीच बोलकी आहे. एसीएफच्या 20 टॉसअपमध्ये साहित्य, इतिहास आणि विज्ञान यांना प्रत्येकी 4, तर ललित कलांना 3 जागा असतात. धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांच्यानंतर भूगोल, चालू घडामोडी आणि इतर सर्व विषयांसाठी मिळून जेमतेम एक प्रश्न उरतो. आयसीटीमध्ये चालू घडामोडी, भूगोल, खेळ आणि चित्रपट-संगीतासारखे लोकप्रिय विषय यांना स्वतंत्र आणि ठसठशीत स्थान असते.

प्रवेशाचा मार्ग दोन्हीकडे विभागीय स्पर्धांतूनच जातो. आयसीटीसाठी सेक्शनल, तर नॅशनल्ससाठी एसीएफ रीजनल्स. मात्र आयसीटीत अनुभवी आणि नवख्या खेळाडूंसाठी दोन वेगळे विभाग आहेत, तर नॅशनल्समध्ये सारे एकाच मैदानात उतरतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही खेळता येत असल्याने वयाने आणि वाचनाने मुरलेल्या खेळाडूंशी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची गाठ पडते. म्हणून केवळ पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या संघांसाठीही वेगळे विजेतेपद दिले जाते.

व्यक्तीच्या किंवा संघाच्या वाचनाची खोली जोखायची असेल, तर एसीएफ नॅशनल्स हीच अधिक खरी कसोटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यावरून आयसीटी जिंकणाऱ्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल. घड्याळाच्या दडपणाखाली, पॉवरचा मोह आणि नेगची भीती एकाच वेळी तोलत अचूक निर्णय घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते नॅशनल्समध्ये तितकेसे पणाला लागत नाही. एकाच मोसमात दोन्ही स्पर्धा जिंकणाऱ्या संघाचा मान म्हणूनच मोठा असतो.

प्रश्नांची गुप्तता राखणे दोन्ही आयोजकांसाठी कळीचे आहे, कारण स्पर्धांसाठी लिहिणारे पुष्कळ जण स्वतः खेळाडू असतात किंवा कालपर्यंत होते. 2013 साली एनएक्यूटीने हार्वर्डची चार राष्ट्रीय विजेतेपदे रद्द केली. त्या संघातील एका खेळाडूने, जो कंपनीसाठी प्रश्नही लिहीत होता, स्पर्धेआधी प्रश्नांविषयीची माहिती असलेली अंतर्गत पाने उघडल्याचे आढळले होते. त्याने त्याचा लाभ घेतल्याचे सिद्ध झालेले नसतानाही कंपनीने हा निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता.

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आणि शाळेपासून प्रश्नमंजुषेची आवड जोपासलेल्या मराठी विद्यार्थ्यांना या दोन्ही स्पर्धांचे दरवाजे खुले आहेत. आपल्याकडच्या प्रश्नमंजुषेत तर्काने उत्तरापर्यंत पोहोचण्याची जी सवय लागते, ती बोनसमध्ये उपयोगी पडते, पण टॉसअपमध्ये सहसा पुरत नाही. तिथे मूळ ग्रंथ, चित्रे आणि प्रयोग यांच्याशी थेट परिचय लागतो. सुरुवात शक्य असल्यास आयसीटीच्या नवख्यांसाठीच्या विभागापासून करावी आणि सराव एसीएफच्या प्रश्नांवर करावा, कारण एनएक्यूटीचे जुने प्रश्नसंच विकत घ्यावे लागतात, तर एसीएफचे स्पर्धा संपल्यावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि त्यासाठी अमेरिकेला पोहोचेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही.