भारतीय क्रीडा प्राधिकरण आणि कोकण किनारा

भारतीय क्रीडा प्राधिकरण, म्हणजे सगळे ज्याला ‘साई’ म्हणतात ती, केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था. स्थापना १९८४. त्याआधी १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या होत्या. त्यांच्यासाठी उभारलेली स्टेडियम स्पर्धा संपल्यावर सांभाळायची कोणी, हा रोकडा प्रश्न तिच्या जन्मामागे होता. १९८७ मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था चालवणारी सोसायटी तिच्यात विलीन झाली आणि इमारतींच्या जोडीला प्रशिक्षक घडवण्याचे कामही तिच्याकडे आले. एखाद्या मार्गदर्शकाची ओळख करून देताना ‘एनआयएस केलेले आहेत’ असे गावात आदराने सांगतात, ते याच पतियाळाच्या पदविकेमुळे.

साई काय करत नाही, हे आधी सांगितलेले बरे. खेळ हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे. ३३ व्या नोंदीत, नाटक-सिनेमाच्या शेजारी. त्यामुळे तालुका क्रीडा संकुल बांधणे, शालेय स्पर्धा भरवणे, जिल्हा क्रीडा अधिकारी नेमणे ही कामे राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची. भारताचा संघ निवडतात ते त्या त्या खेळाचे महासंघ. साईच्या वाट्याला मधला टप्पा येतो : हेरलेल्या मुलाला वसतिगृह, आहार, प्रशिक्षक, वैद्यकीय मदत आणि स्पर्धांचा खर्च देऊन वरच्या पातळीला नेणे. संकुलाच्या गळक्या छताचा राग दिल्लीवर आणि संघनिवडीचा राग साईवर काढला जातो. दोन्हीकडे पत्ता चुकतो.

मुंबई उपनगर प्रशासकीयदृष्ट्या कोकण विभागातच मोडते आणि साईचे मुंबईतले केंद्र कांदिवलीला आहे. म्हणजे कागदोपत्री साई कोकणात आहेच. मात्र सावंतवाडीच्या मुलीला कांदिवली पाचशे किलोमीटरच्या घरात पडते आणि तिच्या आईच्या हिशेबात ते परगावच असते.

कोकणात खेळ म्हणजे पहिली कबड्डी. रायगड-रत्नागिरीत भात कापून झाले की मोकळ्या जागेवर मैदान तयार होते. माती चाळायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, चुन्याच्या फक्कीने रेषा ओढायच्या, बांबूला फोकस बांधायचे. गावोगावची मंडळे, त्यांत ग्रामदेवतेच्या नावाची कितीतरी, शिमग्यापर्यंत आणि त्यानंतरही खेळत राहतात. मिरगापासून दसऱ्यापर्यंत मात्र सगळे बंद. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात मैदान हे आठ महिन्यांचेच असते. उरलेल्या चार महिन्यांसाठी छप्पर आणि मॅट लागते, आणि साईच्या केंद्रात गेलेल्या मुलाला पहिला फरक जाणवतो तो इथेच. गावात तो अनवाणी खेळलेला. तांबड्या मातीवर चढाई करताना पाय थोडा घसरू द्यायचा, घसरता घसरता वळायचे, ही त्याच्या घोट्याची सवय. मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो, पाय घसरत नाही, आणि तीच वळणारी हालचाल गुडघ्यावर येते. चढाईची उपजत जाण असलेल्या मुलाचे पहिले काही महिने नवीन शिकण्यापेक्षा जुने विसरण्यात जातात.

निवड चाचण्यांचेही तसेच. उंची, वजन, थोड्या अंतराची धाव, जागेवरून लांब उडी, उभी उडी, शटल रन, चेंडूफेक अशा मोजमापांवर भर असतो. ही पद्धत न्याय्य आहे, कारण ती ओळखीपाळखीला फाटा देते. पण पकडीची वेळ साधणारा, बुटका, कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू तिच्यात हमखास मागे पडतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘कीर्ती’ या उपक्रमात ९ ते १८ वयोगटाची चाचणी देशभर घेण्याची योजना आहे. मोजमापाचा आधार तिथेही आहेच.

पैशाची बाजू अशी. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ५ लाख रुपये, सलग ८ वर्षांपर्यंत, खर्च करण्याची तरतूद जाहीर झाली. त्यातले महिना १० हजार थेट हातखर्चाला. याहून मोठी ‘टॉप्स’ ही २०१४ ची योजना महिना ५० हजार देते, पण ती ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकसाठी आहे. कोकणाचे दोन्ही लाडके खेळ, कबड्डी आणि खो-खो, तिच्या बाहेर राहतात. कबड्डी १९८२ च्या दिल्लीतल्या त्याच आशियाई स्पर्धांत प्रदर्शनीय खेळ म्हणून दिसली, १९९० पासून पदकाची झाली. तिची मजल अजून तेवढीच, ऑलिंपिकच्या पदकांत ती नाही. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये, म्हणजे साईच्याच जागेत, झाला आणि भारताने पुरुष व महिला दोन्ही गटांत तो जिंकला.

आता समुद्र. होडी वल्हवणारी आणि शीड ओळखणारी माणसे या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोळीवाड्यांत होड्यांच्या शर्यती लागतात. (मालवणात त्या दिवशी बंदरावर नारळ लढवतात. त्याला क्रीडाप्रकार म्हणावे की नाही, यावर दोन मालवणी माणसांत एकमत होणार नाही.) तरी साईचे जलक्रीडेचे नावाजलेले केंद्र याच पश्चिम किनाऱ्यावर, पण केरळात आलप्पुळ्याला आहे. वल्हवण्याच्या शर्यतीला सरळ, संथ पाण्याचा पट्टा लागतो. तिथली बॅकवॉटर तो देतात. भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा वर-खाली होणारी कोकणातली खाडी सहजी देत नाही. महाराष्ट्रातून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेलेला नौकानयनपटू दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा. वल्हे त्याने हातात धरले ते सैन्यात गेल्यावर.

कोकणातला समुद्र सरकारी वाटणीत क्रीडा खात्यापेक्षा पर्यटन खात्याकडे गेलेला दिसतो. गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या छत्राखाली आहे, तारकर्लीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र राज्याच्या पर्यटन महामंडळाचे. तिथे शिकलेल्या तरुणाला रोजगार मिळतो, हे कमी नाही. पण त्याच्या हातात येते ते पर्यटकाचे लाइफ जॅकेट, शर्यतीचे वल्हे नव्हे.

किनारी भागांसाठी साईची एक योजना मात्र होती. ‘स्पेशल एरिया गेम्स’ या नावाने आदिवासी, दुर्गम आणि किनारी मुलखातून नैसर्गिक गुण हेरायचे, असा तिचा उद्देश. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग कारवारच्या वर, घाटमाथ्यावरच्या सिद्दी वस्त्यांत झाला. आफ्रिकी वंशाच्या, घरात कोकणी बोलणाऱ्या या समाजातली मुले १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसतिगृहांत नेली गेली आणि त्यांतली काही धावण्यात राष्ट्रीय पातळीवर चमकली. पुढच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे काम थांबले आणि कित्येक जण शेतीकडे परतले. गुण हेरायला एक चाचणी पुरते, टिकवायला दहा वर्षे लागतात, आणि ती दहा वर्षे फाइलीत धरलेली नव्हती.

मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिल्या ‘खेलो इंडिया बीच गेम्स’ झाल्या. वाळूवरची कबड्डी आणि खुल्या समुद्रातले पोहणे हे दोन्ही त्यांत पदकाचे प्रकार होते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर स्थानिक जलतरण संघटना सागरी पोहण्याच्या स्पर्धा वर्षानुवर्षे भरवत आली आहे, आणि कबड्डीची मैदाने तर किनाऱ्याला लागूनच आहेत.