माइक प्रीॲम्प आणि रेकॉर्डिंगची लेव्हल

माइकमधून येणारा अतिशय क्षीण विद्युत संदेश पुढच्या यंत्राला पेलेल इतका मोठा करणारे साधन म्हणजे माइक प्रीॲम्प. साध्या बोलण्यावर डायनॅमिक माइक (हलत्या कॉइलचा, बाहेरून वीज न लागणारा) एखाद-दोन मिलिव्होल्टच देतो. व्यावसायिक लाइन लेव्हल, म्हणजे पुढच्या यंत्रांना अपेक्षित असलेली पातळी, १.२३ व्होल्टची असते. हे अंतर गेनच्या, म्हणजे संदेश किती पट मोठा करायचा ते ठरवणाऱ्या, नॉबने भरून काढतात. २० डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेज दहापट, ४० म्हणजे शंभरपट, ६० म्हणजे हजारपट. मिक्सरमध्ये, ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि हातात मावणाऱ्या रेकॉर्डरमध्येही प्रीॲम्प आतच बसवलेला असतो. कंडेन्सर माइकला त्याच केबलमधून सहसा ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, द्यावी लागते. ती चालू करताना गेन खाली आणि हेडफोन कानावरून उतरलेला असावा, नाहीतर मोठा ठोका बसतो.

गेन आणि व्हॉल्यूम एकच समजणे ही नवशिक्याची सर्वांत महागात पडणारी चूक. हेडफोनचा आवाज कमी केला तरी फाटलेले रेकॉर्डिंग फाटलेलेच राहते. डिजिटल मीटरची कमाल शून्य डेसिबल. त्यापुढे लहरीचा माथा कापला जातो, आणि कापलेला माथा नंतर नीट जोडता येत नाही. टेपच्या जमान्यात फितीची खरखर झाकण्यासाठी काटा लाल पट्टीपर्यंत नेत असत. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगची तात्त्विक व्याप्ती, म्हणजे सर्वांत क्षीण आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, सुमारे १४४ डेसिबल आहे, १६ बिटची ९६. त्यामुळे आता त्या सवयीची गरज उरलेली नाही. मीटरवर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६च्या दरम्यान राहिला की पुरे.

लेव्हल घेताना “हॅलो, माइक टेस्टिंग” फारसे कामाचे नाही. सोलापूर जिल्ह्यात कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळते. बुवा निरूपण करतात तेव्हा मीटर जेमतेम हलतो. गजर सुरू झाला, टाळ-पखवाज एकदम उठले, की तोच मीटर लाल होतो. म्हणून आधी गजरच म्हणून घ्यावा, तोही टाळकऱ्यांसह, आणि त्यावर गेन ठरवावा. प्रत्यक्ष कीर्तनात रंग चढला की आवाज त्याहूनही वर जातो, तेवढी जागा मोकळी ठेवावी. निरूपण हळू आले तर नंतर वाढवता येते. कार्यक्रम चालू असताना गेनला हात लावू नये: मागचा सगळा आवाज त्याबरोबर वरखाली होतो आणि ते ऐकताना लगेच जाणवते.

दुसरी अडचण मागच्या आवाजाची. सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांची खटखट भिंतीपलीकडून येत राहते आणि गेन वाढवला की बोलण्याइतकीच तीही वाढते. उपाय नॉबमध्ये नाही, अंतरात आहे. मोकळ्या जागेत माइक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, माग मात्र तेवढाच राहतो. बोलणाऱ्याच्या मागे जाड सोलापुरी चादर भिंतीपासून चार बोटे सोडून टांगली तर खोलीचा घुमारा चांगलाच कमी होतो. मागाची घरघर चादरीने थांबत नाही. तिचा खालचा भाग ८० हर्ट्झच्या लो-कट फिल्टरने थोडा आवरतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखा बंद करायला सांगणे जिवावर येते, पण तेवढ्या दहा मिनिटांपुरते सांगावेच.

हलगीसारखे वाद्य अगदी जवळून घेताना गेन तळाला नेऊनही मीटर लाल होतो, तिथे २० डेसिबलचा पॅड (संदेश आधीच कमी करणारी सोय) लावतात किंवा माइक मागे घेतात. जानेवारीतल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत तर दोन्ही टोके एका क्षणात भेटतात. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) पुढे सरकताना गर्दी नुसती कुजबुजत असते, आणि “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र” झाले की हजारो गळे एकदम उघडतात. तिथे सरावाला वाव नसतो. अशा वेळी त्याच माइकची दुसरी नोंद दुसऱ्या ट्रॅकवर १२ ते २० डेसिबल खाली घेऊन ठेवतात. जयघोषाचा तुकडा पुढे तिच्यातूनच उचलता येतो.